फिजीला 'छोटा भारत' म्हणू नका

परवा आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर भाचेबुवांनी फिजीच्या सहलीचे फोटो टाकले. निळा समुद्र, नारळाची झाडे, नांदी शहरातले श्री शिव सुब्रमण्यम स्वामींचे रंगीबेरंगी गोपुर आणि खाली ओळ : "जगाच्या टोकावरचा छोटा भारत! अभिमान वाटतो!!" त्यावर सगळ्यांचे अंगठे, नमस्कार, तिरंगे. मी एकटीने काहीच टाकले नाही, म्हणून रात्री भाच्याचा फोन आला. "मावशी, रागावलीस का?"

रागावले नाही रे बाबा. पण ते वाक्य मला टोचले, आणि का टोचले हे गटावर चार ओळींत सांगता येण्यासारखे नव्हते. चौतीस वर्षे मास्तरकी केलेल्या बाईला चार ओळी कशा पुरणार? म्हणून हा लेख. भाचेबुवा, तूही वाच आणि ज्यांनी अंगठे दिले त्यांनीही वाचा.

आधी माझाच गुन्हा कबूल करते. हेच वाक्य मीही एकदा बोलले आहे, आणि तेही फिजीच्या माणसांच्या तोंडावर.

धाकटी लेक ऑकलंडला असते. मी २०१८ च्या हिवाळ्यात (आपल्या हिवाळ्यात, तिकडे उन्हाळा) पाच महिने तिच्याकडे होते. शेजारी एक आजीबाई राहायच्या, माझ्याहून दोनेक वर्षांनी मोठ्या. मूळच्या फिजीतल्या बा भागातल्या, उसाच्या शेतावर आयुष्य गेलेल्या. त्यांची हिंदी कानावर पडली तेव्हा मला वाटले, ही कुठली हिंदी? मी शाळेत हिंदी आणि इतिहास शिकवलेला. व्याकरणाचा कान तयार. 'मैं'च्या जागी 'हम', 'मेरा'च्या जागी 'हमार', 'उसने देखा'च्या जागी 'ऊ देखिस'. पण त्या वडिलांच्या आईला 'आजी' आणि वडिलांच्या वडिलांना 'आजा' म्हणत. आमच्यासारखेच! त्या दोन शब्दांनी आमची गट्टी जमली.

त्यांच्या यजमानांच्या वर्षश्राद्धाला त्यांनी मला बोलावले. दिवाणखान्यात चटया अंथरलेल्या, रामायण मंडळी जमलेली, हार्मोनियम, ढोलक. एका बाजूला मोठ्या भांड्यात यंगोना कालवलेला. (एका झुडपाच्या मुळ्यांची पूड पाण्यात कालवून करतात. चव साधारण मातकट, आणि जीभ थोडी बधिर होते. नशा म्हणावी तशी नाही. त्यालाच इतरत्र 'कावा' म्हणतात.) तो कालवत बसले होते एक धिप्पाड गृहस्थ. खाली सुलू, म्हणजे त्यांची लुंगी, वर फुलाफुलांचा शर्ट. हे ताउकेई, म्हणजे फिजीचे मूळ रहिवासी. आजीबाईंच्या गावचेच, लहानपणापासून ओळखीचे. मुलाकडे ऑकलंडला आले होते, तर मुद्दाम या दिवसासाठी दोन दिवस जास्त राहिले. येताना विणलेली चटई आणि यंगोनाच्या मुळ्या घेऊन आले होते, कारण दुःखाच्या घरी रिकाम्या हाताने जायचे नाही ही त्यांची रीत. आणि चौपाया चालू झाल्यावर ते मंडळींबरोबर ध्रुवपद म्हणत होते!

नारळाच्या करवंटीचा प्याला माझ्यासमोर आला. एकदा टाळी वाजवून घ्यायचा, "बुला" म्हणायचे, एका दमात प्यायचा आणि पुन्हा तीन टाळ्या. हे सगळे मला त्या गृहस्थांनी हिंदीत, त्यांच्या त्या 'हमार'वाल्या हिंदीत समजावले. मी भारावून गेले. आणि माझ्या शुद्ध शालेय हिंदीत म्हणाले, "आपका फिजी तो सचमुच छोटा भारत है!"

कोणी काही बोलले नाही. ते गृहस्थ प्याल्याकडे बघत राहिले. मग आजीबाईच म्हणाल्या, अगदी शांतपणे : "भारत तो हमार आजी के मुलुक रहा. हमार मुलुक फिजी है."

नंतर स्वयंपाकघरात भांडी पुसता पुसता त्यांनी मला उरलेले सांगितले. १९८७ साली बंड झाले तेव्हा त्यांच्या रस्त्यावरून पोरे ओरडत जात, "भारतात चालते व्हा." आणि आता भारतातून कोणी पाहुणे आले की म्हणतात, "तुम्ही तर भारतच!" त्या म्हणाल्या, दोघांचे म्हणणे एकच की हो. आम्ही इथले नाही.

मंडळी, माझा सगळा मुद्दा एवढाच आहे. पुढे जे लिहिते आहे ती त्याची उजळणी समजा.

'छोटा भारत' हे आपल्याला कौतुक वाटते. पण ज्या देशात माणसांना त्यांच्या आज्या-पणज्यांच्या जन्मगावावरून पुन्हा पुन्हा हुसकवायचा प्रयत्न झाला, तिथे हे कौतुक नाही. १४ मे १८७९ रोजी 'लिओनिदास' नावाचे जहाज कलकत्त्याहून ४६३ मजूर घेऊन लेवुकाला लागले. तिथून १९१६ पर्यंत ६०,००० हून अधिक माणसे गेली. आधी कलकत्त्याहून, १९०३ पासून मद्रासहूनही. पाच वर्षांचा करार. 'ॲग्रीमेंट'चे झाले 'गिरमिट' आणि मजुरांचे झाले 'गिरमिटिया'. आणि बरोबर १०८ वर्षांनी, १४ मे १९८७ रोजी, त्याच तारखेला लेफ्टनंट कर्नल सितिवेनी राबुका यांनी संसदेत सैनिक घुसवून सरकार उलथवले. कारण काय, तर त्या सरकारात भारतीय वंशाच्या लोकांचे वजन जास्त झाले. २००० साली पुन्हा तेच. महेंद्र चौधरी हे भारतीय वंशाचे पहिले पंतप्रधान. त्यांना सहकाऱ्यांसह ५६ दिवस संसदेतच ओलीस ठेवले. या दोन्ही वेळी जो दावा केला गेला तो एका वाक्याचा होता : ही माणसे परकी आहेत, त्यांचा देश दुसरीकडे आहे. आपण अभिमानाने तिरंगा चिकटवून जे म्हणतो ते याहून वेगळे कुठे आहे? (आणखी एक बंड २००६ चे, त्याची गोष्ट वेगळी आहे, ती पुढे येईल.)

एके काळी फिजीच्या लोकसंख्येत निम्मे लोक भारतीय वंशाचे होते. २००७ च्या जनगणनेत ते ३७ टक्क्यांच्या आसपास उरले. बाकीचे कुठे गेले? भारतात परतले? नाही. ऑकलंड, सिडनी, व्हँकुव्हर. ज्यांना आपण 'भारत' म्हणतो ते हाकलले गेल्यावर भारतात आले नाहीत, यातच काय ते समजा.

दुसरी गोष्ट. 'छोटा भारत' म्हटले की त्या देशाचे मूळ मालक फोटोतून कापले जातात. 'ताउकेई' या शब्दाचाच अर्थ मालक, भूमिपुत्र. फिजीतली ऐंशी टक्क्यांहून जास्त जमीन आजही त्यांच्या कुळांच्या सामाईक मालकीची आहे आणि ती विकता येत नाही. ही व्यवस्था ब्रिटिश अमदानीच्या आरंभी घातली गेली. त्यामागची कथा आपल्याला शाळेत कोणी शिकवली नाही, आणि मीही कोणाला शिकवली नाही. १० ऑक्टोबर १८७४ ला फिजीच्या सरदारांनी बेटे इंग्लंडच्या राणीकडे सोपवली. पुढच्याच वर्षी गोवराची साथ आली आणि अंदाजे ४०,००० ताउकेई मेले. राज्य हाती येऊन वर्ष झाले नाही तोच प्रजा संपायला लागली! तेव्हा गव्हर्नर आर्थर गॉर्डन यांनी ठरवले की ताउकेईंना त्यांच्या गावांतून उपटून मळ्यांवर जुंपायचे नाही. उसाला मजूर तर हवेत. मग आणा हिंदुस्थानातून.

म्हणजे बघा, एका समाजाची गावे वाचावीत म्हणून दुसऱ्या समाजाची गावे मोडली. विचारले कोणालाच नाही. ना बस्ती-गोंडा-आझमगडच्या शेतमजुराला, ना रेवाच्या काठच्या ताउकेईला. ऊस गाळून नफा कमावला तो ऑस्ट्रेलियातल्या एका साखर कंपनीने. असे एकाच जात्यात भरडलेले दोन समाज. त्यातल्या एकाला आपण 'आपला' म्हणून उचलून घेतो आणि दुसऱ्याला नारळाच्या झाडासारखे मागे देखावा म्हणून ठेवतो. हे बरे नाही.

इथे कोणी म्हणेल, "बाई, तुम्ही फार गोड चित्र काढताय. ताउकेई आणि भारतीय गळ्यात गळे घालून राहतात असे थोडेच आहे?" नाहीच. आजीबाईंचीच गोष्ट सांगते. त्यांची शेती खंडाची होती. तीस वर्षांचे करार १९९७ पासून संपत आले आणि पुष्कळांचे वाढवून मिळाले नाहीत. त्यांचाही नाही. नवऱ्याने चाळीस वर्षे कसलेली जमीन सोडावी लागली. घर होते, ते मोडून पत्रे विकले. म्हणून त्या ऑकलंडला. आणि ती जमीन ज्या कुळाची होती, त्याच कुळातले ते यंगोना कालवणारे गृहस्थ!

मी हे ऐकून थक्क झाले. विचारले, "मग तुम्ही त्यांना घरात कसे येऊ देता?" आजीबाईंनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की शाळेतले ढ पोरही माझ्याकडून त्या नजरेला पात्र झाले नसेल. म्हणाल्या, जमीन त्यांचीच होती. त्यांच्या बापाने आमच्या बापाला कसायला दिली, त्यांनी परत घेतली. वाईट वाटले, रडले. पण नवरा गेला तेव्हा फिजीहून पहिला फोन त्याचाच आला. तो यायचा नाही तर कोण येणार?

यात गोड काही नाही. पण यात नाते आहे, आणि ते शंभर-सव्वाशे वर्षे एकमेकांशेजारी राहून, भांडून, एकमेकांची भाषा शिकून तयार झालेले आहे. ते भारताने दिलेले नाही. गिरमिटिया तोताराम सनाढ्य यांनी फिजीतल्या एकवीस वर्षांवर पुस्तक लिहिले, ते १९१४ साली हिंदीत निघाले आणि इकडे खळबळ उडाली. त्यांच्या दुसऱ्या एका आठवणीत आहे की उपासमारीने जीव द्यायला निघालेले असताना ताउकेई माणसे त्यांच्या दारी आली आणि पुढे त्यांनीच त्यांना खायला आणून दिले. साहेबाने नाही, सरकारने नाही, आपल्या देशाने तर नाहीच नाही.

आता भाषेचे सांगते, कारण इथे माझ्या मनाला सगळ्यात जास्त लागले आहे.

आपल्याकडून गेलेले पाहुणे फिजीची हिंदी ऐकून दोन गोष्टी म्हणतात. एक, "वा! अजून हिंदी टिकवली!" आणि दुसरी, जरा खाजगीत, "पण किती गावठी हो." दोन्ही चूक. त्यांनी 'टिकवली' नाही, त्यांनी घडवली. अवधी बोलणारे, भोजपुरी बोलणारे, तमिळ-तेलुगू बोलणारे असे सगळे मजूर एका लांबलचक बराकीत कोंबलेले. एकमेकांशी बोलणार कसे? त्यातून ही भाषा झाली. तिच्यात गप्पांना 'तलानोआ' म्हणतात, तो ताउकेई शब्द. पुष्कळ ताउकेईही ती सहज बोलतात. या भाषेत सुब्रमणी यांनी २००१ मध्ये 'डउका पुरान' नावाची कादंबरी लिहिली, देवनागरीत. बिघडलेल्या भाषेत कोणी कादंबरी लिहीत नाही!

आणि मी? मी वऱ्हाडातल्या तालुक्याच्या गावी चौतीस वर्षे पोरांच्या वह्यांतले 'मले', 'तुले', 'कायले' लाल शाईने खोडले. पोरगा उभा राहून "बाई, मी जाऊन रायलो" म्हणाला की वर्ग हसायचा, आणि मी हसणाऱ्यांना गप्प करायच्या ऐवजी वाक्य 'सुधारायची'. नागपूरला जानेवारी १९७५ मध्ये पहिले विश्व हिंदी संमेलन भरले तेव्हा मी नवी नवी शिक्षिका. वर्तमानपत्रातली बातमी वर्गात वाचून दाखवली होती आणि 'शुद्ध भाषेचे महत्त्व' यावर निबंध लिहायला दिला होता. तेच संमेलन फेब्रुवारी २०२३ मध्ये फिजीत, नांदीला भरले. बातमी वाचली आणि मला आजीबाईंची 'ऊ देखिस' आठवली. पुस्तकी हिंदीचे कौतुक जरूर करा. पण ज्यांच्या घरी जेवायला गेलात त्यांच्या चुलीवरची भाषा अशुद्ध म्हणू नका. एवढे शहाणपण मला सत्तरीत, परक्या देशातल्या स्वयंपाकघरात आले. उशीर झाला, खरे आहे. त्या पोरांची माफी आता कुठे मागू?

फिजीने मात्र एक गोष्ट केली आहे. २०१३ च्या राज्यघटनेत लिहिले आहे की ताउकेई भाषा आणि फिजी हिंदी, दोन्ही बोलीभाषेच्या रूपात, सर्व प्राथमिक शाळांत सक्तीने शिकवाव्यात. पुस्तकी हिंदी नव्हे, फिजी हिंदी! आणि सगळे नागरिक 'फिजियन'. गंमत अशी की ही घटना आणली २००६ च्या बंडातून सत्तेवर आलेल्या बाइनिमारामा यांच्या सरकारने. इतिहास असा वाकडातिकडा चालतो. 'फिजियन' हे नाव सगळ्यांना द्यावे का यावर तिथे वाद आहेत. कागद आणि वर्ग यांत किती अंतर असते तेही मला ठाऊक आहे, जन्म त्यातच गेला. तरी दोन मुलांनी एकमेकांची भाषा शिकावी असे देशाच्या घटनेत लिहिणे हे थोडे नव्हे. आपण हिंदी-मराठीवरून डोकी फोडणाऱ्यांनी त्यांना 'छोटे' म्हणायचे?

आणखी एक. १९८७ चे बंड करणारे राबुका २०२२ च्या अखेरीस निवडणुकीतून पुन्हा पंतप्रधान झाले आणि १४ मे २०२३ ला, गिरमिटाच्या आठवणीच्या दिवशी, त्यांनी त्या बंडाबद्दल जाहीर माफी मागितली. त्या वर्षीपासून गिरमिट दिनाची राष्ट्रीय सुट्टी सुरू झाली. माफीने गेलेली घरे परत येत नाहीत. मी लेकीला फोन करून आजीबाईंना विचारायला सांगितले, काय वाटले? त्या म्हणाल्या म्हणे, "देर से बोलिस. मगर बोलिस." हे त्यांचे त्यांनी आपसात चालवलेले आहे. त्यात आपली लुडबुड कशाला?

"मग काय, आपला फिजीशी काहीच संबंध नाही?" असे भाच्याने फोनवर विचारले. आहे ना! पण तो फुशारकीचा नाही, देण्याचा आहे. आपल्या कोतळूकचे गोपाळ कृष्ण गोखले. मी त्यांच्यावर किती धडे शिकवले, पण ४ मार्च १९१२ ही तारीख कधी सांगितली नाही. त्या दिवशी त्यांनी कलकत्त्याच्या कायदे कौन्सिलात ठराव मांडला की ही गिरमिटाची पद्धत संपूर्ण बंद करा. सरकारने तो बहुमताने पाडला. गोखले १९१५ मध्ये गेले. पुढच्या वर्षी मालवीयांनी तोच विषय पुन्हा लावून धरला आणि सरकारने तत्त्वतः मानला. १ जानेवारी १९२० ला फिजीतले शेवटचे करार रद्द झाले. गोखल्यांनी त्या माणसांना 'आमचे वैभव' म्हटले नाही. त्यांच्यावर अन्याय होतो आहे आणि आपण त्याला जबाबदार आहोत, एवढेच मांडले. १९१३ मध्ये कुंती नावाची मजूर स्त्री गोऱ्या मुकादमाच्या तावडीतून सुटायला नदीत उडी मारून वाचली, तिची हकिकत इकडच्या वर्तमानपत्रात छापली गेली तेव्हा लोक पेटून उठले. तो खरा संबंध. तो सांगायचा तर मान थोडी खाली घालून सांगावा लागतो. म्हणून आपल्याला तिरंगा चिकटवणे सोपे जाते.

भाचेबुवा, फोटो छान आहेत. गोपुर तर फारच सुंदर. पण पुढच्या वेळी एक फोटो त्या देवळाबाहेरच्या बाजाराचाही काढ, जिथे ताउकेई बाई आणि भारतीय वंशाची बाई शेजारी शेजारी बसून भाजी विकतात. त्या कुठल्या भाषेत बोलतात ते ऐक. आणि खाली फक्त एवढेच लिही : 'फिजी'. पुरे होते.

मी त्या गृहस्थांची त्याच संध्याकाळी माफी मागितली. निघताना त्यांच्यापाशी जाऊन म्हणाले, मघाशी चुकीचे बोलले. ते हसले, पुन्हा एक करवंटी भरून माझ्यापुढे धरली. यंगोनाची चव मला मुळीच आवडत नाही. पण टाळी वाजवली आणि एका दमात प्यायले.